बाभळीच्या रानातून आमच्या समुद्राकडे

मराठवाड्याच्या माणसाला समुद्र म्हटले की दादर आठवते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे, रांगेत उभे राहायचे, अभिवादन झाले की चौपाटीवर घटकाभर लाटांकडे बघत बसायचे आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचे. आमच्या वाळूजच्या कामगार वसाहतीतील कितीतरी आयाबायांनी समुद्र पाहिला तो एवढाच. पाय भिजवले, बाटलीभर वाळू लेकरांसाठी आणली, झाले!

वीस-बावीस वर्षांपूर्वी अशीच एक सात-आठ वर्षांची मुलगी मुंबईहून आली आणि वसाहतीतल्या पारावर बसून आम्हा मोठ्यांना विचारू लागली, "आपल्याकडं का नाही समुद्र?" कोणी म्हणाले, आपला भाग उंचावर आहे. कोणी म्हणाले, तो कोकणातल्या लोकांचा. तिची आजी भाजी निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "आहे की आपल्याकडंबी. आमचं गावच त्याच्या पोटात आहे."

त्या एका वाक्यापायी आम्ही त्या रविवारी निघालो. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर थंडी पडली की ही वाट आम्ही चालतो. आमची ही आवडती वाट आपणा सर्वांना सांगावी, म्हणून हे चार शब्द.

आम्ही कोण?

आम्ही म्हणजे पाच-सहा कुटुंबे. कोणी जालन्याचे, कोणी बीडचे, कोणी बुलडाण्याकडचे. वाळूज हे गंगापूर तालुक्यातले गाव, छत्रपती संभाजीनगरहून (त्या वेळचे औरंगाबाद) नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. ऐंशीच्या दशकात इथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले. शेतावर सालाने राबणाऱ्यांची पोरे आय.टी.आय. करून मशीनवर उभी राहिली. पगार आला, खोली आली, पुढे हप्त्यावर घर आले. पण आठवडाभर पत्र्याच्या छताखाली यंत्रांचा आवाज ऐकल्यावर सुटीच्या दिवशी जायचे कुठे, हा प्रश्न राहिलाच. बाजारात गेले की पैसा जातो आणि घरी बसले की टी.व्ही. चालू होतो. चालायला मात्र पैसा लागत नाही.

वाट कशी आहे?

पहाटे सहाच्या सुमारास वाळूजहून नगरकडे जाणारी एस.टी. पकडायची. लिंबे जळगाव, दहेगाव बंगला, ढोरेगाव, भेंडाळा फाटा अशी गावे मागे पडत जातात. तीसेक किलोमीटरवर कायगाव येते. इथे गोदावरीवर मोठा पूल आहे. पुलापलीकडे नेवासा तालुका आणि प्रवरासंगम. तिथे प्रवरा येऊन गोदावरीला मिळते. दोन्ही काठांवर पेशवाईच्या काळातली दगडी मंदिरे आणि घाट आहेत. सणावाराला इथे गर्दी असते. आम्ही मात्र घाटावर फार थांबत नाही. चहा घेतो, पाण्याच्या बाटल्या भरतो आणि नदीच्या वाहत्या अंगाने, उगवत्या उन्हाकडे तोंड करून चालू लागतो.

पहिला अर्धा तास उसाच्या कडेने. मग कपाशीची शेते, आणि मग रान लागते. रान म्हणजे सातपुड्यातल्यासारखे घनदाट अरण्य नव्हे, आधीच सांगून ठेवतो! आमचे रान बाभळीचे. मधूनमधून हिवर, बोर, लिंब, एखादी जुनी चिंच आणि ओलाव्याच्या जागी करंज. अलीकडे वेडी बाभूळही फार माजली आहे. तिचे काटे चपलेतून वर येतात, म्हणून पायात बूट हवेत. पण हिवाळ्याच्या सकाळी हे काटेरी रानही इतके सुंदर दिसते की काय सांगावे! जाळीजाळीतून कोवळे ऊन झिरपते. शेंड्यांवर कोळ्यांची जाळी दवाने पांढरी झालेली असतात. मागच्या पावसाळ्यातले सुगरणीचे खोपे वाळून लोंबत असतात. मुले पहिली धावतात ती पडलेला खोपा शोधायला.

या रानाची खरी माहिती आम्हाला दिली ती त्या मुलीच्या आजीने. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणत असू. त्यांना अक्षर येत नव्हते, पण झाड वाचता येत होते. बाभळीचे लाकूड औताला आणि गाडीच्या चाकाला. शेंगा शेळ्यांना. डिंक बाळंतिणीला. साल कातडे कमवायला. कोवळी काडी दातांना. "बाभळीवाणी झाड नाही," आजी म्हणायच्या. "कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, येणारा-जाणारा तोडतो. तरी उभंच." आमच्यातले एक जण हसून म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच की आजी!" आजींना ते फारसे पटले नाही. त्या म्हणाल्या, "आपल्याला लावणारा होता, बाबा. पाणी घालणाराबी होता." यावर कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे उरलेच नव्हते.

आणि समोर पाणी

तासाभराने झाडी विरळ होते. बेशरमाची झुडपे, लव्हाळी, पाणकणीस लागते. पायाखालची माती काळी, मऊ होत जाते. आणि मग एकाएकी समोर काहीच नसते. फक्त पाणी! पलीकडचा काठ धुक्यात बुडालेला. पहिल्यांदा आलेले मूल इथे हमखास ओरडते, "समुद्र!" आम्ही त्याला दुरुस्त करीत नाही. नावातच सागर आहे. पैठणच्या एकनाथांच्या नावावरून याला नाथसागर म्हणतात.

थोडी माहिती दिली पाहिजे. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. मातीची भिंत सुमारे १० किलोमीटर लांबीची आहे आणि तिला २७ दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरले की सुमारे १०२ टी.एम.सी. पाणी साठते. त्यातले २६ टी.एम.सी. मृतसाठा, म्हणजे कालव्याने बाहेर न निघणारे तळाचे पाणी. भरल्या धरणाचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरते. पैठणपासून मागे सरकत सरकत ते कायगावच्या बाजूला येते. आपण ज्या काठावर उभे असतो, तो म्हणजे या पाण्याची शेपटी.

या समुद्राला भरती-ओहोटीही आहे, पण ती वर्षातून एकदाच. पाऊसकाळ संपता संपता पाणी झाडांच्या बुंध्याशी येते. दिवाळीनंतर ते हळूहळू मागे हटू लागते. म्हणून आमची वाट दर महिन्याला लांबत जाते. डिसेंबरात तासाभरात पाणी लागते, तर मार्चमध्ये दोन तास चालावे लागते. मागे हटलेल्या पाण्यातून जी गाळाची जमीन उघडी पडते तिच्यात हरभरा, गहू, ज्वारी, काकडी, टरबूज घेतात. याला गाळपेर म्हणतात. नांगरट फारशी लागत नाही, खत लागत नाही. ज्यांना स्वतःची जमीन नाही अशी कुटुंबेही इथे राबताना दिसतात. पाऊस लवकर आला की उभे पीक पाण्याखाली जाते. ती जोखीम त्यांची.

पाखरे पाहायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. उथळ पाण्यात लांब तांबड्या पायांचे शेकाटे, चोची बाजूला हलवत चरणारे चमचे, रंगीत करकोचे, हळदी-कुंकू बदके दिसतात. उत्तरेकडून हिमालय ओलांडून डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस येतात, नारिंगी रंगाचे चक्रवाक येतात. नशीब बलवत्तर असेल तर गुलाबी पंखांचे रोहित पक्षीही दिसतात. आमच्या मुलांनी एका वर्षी वही केली होती: तारीख, पक्षी, किती, काय करत होता. कारखान्यात जशी तपासणीची नोंद ठेवतात तशी! आता ती मुले मोठी झाली, वही मात्र पुढच्या मुलांच्या हाती आहे.

हे पाणी समुद्राला जाते का?

मुले दरवर्षी हा प्रश्न विचारतात आणि आम्हाला दरवर्षी उत्तर द्यायला आवडते. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तिथून अरबी समुद्र साधारण ८० किलोमीटर. पण ही नदी जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि पूर्वेला निघते. महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र प्रदेश अशी १,४६५ किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. दादरला तुम्ही पाहिला तो समुद्र वेगळा, आणि आपले पाणी जिथे जाते तो समुद्र वेगळा. मुलांना याचे फार नवल वाटते.

माणसे मात्र इथून पश्चिमेच्या समुद्राकडेच जात. पैठण म्हणजे जुने प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात पैठणचे नाव आहे. इथला माल गाड्यांवर लादून, वीस दिवसांची वाट तुडवून भडोचच्या बंदरात जात असे, असे त्यात नोंदवले आहे. सोपारा, कल्याण ही बंदरेही घाटवाटांनी या प्रदेशाशी जोडलेली होती. या वाटांच्या आजूबाजूला आपली लेणी आहेत. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यात एका खांबावर प्रतिष्ठानच्या एका सुगंधी द्रव्याच्या व्यापारी कुळातील माणसाचे नाव दाता म्हणून कोरलेले आहे. म्हणजे ज्या काठावर आपण डबा उघडतो, तिथूनच खाली थोड्या अंतरावरच्या गावातला कोणी अत्तरविक्या डोंगर चढून गेला आणि त्याने भिक्षूंच्या निवाऱ्यासाठी दान दिले. चालणाऱ्या माणसांच्या या वाटा होत्या. आम्ही त्यातला एक लहानसा तुकडा चालतो, एवढेच.

भगवान बुद्धांनी संघाला महासागराची उपमा दिली होती, हे आपण वंदनेच्या वेळी अनेकदा ऐकतो. नद्या कितीही थोर असोत, सागराला मिळाल्या की त्यांची जुनी नावे उरत नाहीत. तसेच कुठल्याही वर्णाचा माणूस संघात आला की त्याचे जुने नाव-कूळ उरत नाही. काठावर बसून मुलांना हे सांगितले की फार समजावून द्यावे लागत नाही. समोर गोदावरीही असते आणि प्रवराही, आणि कुठले पाणी कुणाचे हे कोणालाच दाखवता येत नाही.

आजींचे गाव

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती सांगतो.

आजींचे गाव याच काठाने पुढे होते. १९७२च्या दुष्काळात हाताला काम नव्हते, तेव्हा आजी धरणाच्या कामावर माती वाहायला गेल्या. पाटी डोक्यावर, तान्हे मूल झाडाखाली झोळीत. दुपारी सुकडी मिळायची. "आमी वाहिली ती माती भिंतीवर पडली," त्या सांगत, "अन् त्या भिंतीनं आमचंच गाव बुडवलं. कळत होतं, पर पोट होतं ना." शंभरावर गावांच्या शिवारात पाणी शिरले. त्यात त्यांचेही गेले. ज्यांच्या नावावर शेत होते त्यांना कमीजास्त मोबदला मिळाला. ज्यांच्या नावावर काहीच नव्हते, त्यांच्या हाती नव्या जागेत घरापुरती जमीन आली. पुढे आजींचा मुलगा वाळूजला कामाला लागला आणि त्या आमच्या शेजारी राहायला आल्या.

इतक्या वर्षांत काठावर आल्या की आजी बोटाने पाण्याकडे दाखवायच्या. "तिथं मारुतीचं देऊळ. तिथं शाळा. तिथं आमचा वाडा." आम्हाला पाणीच दिसायचे. वाड्यावर घरे किती होती, विहीर कुठे होती, हे त्यांना विचारले की मात्र त्या विषय बदलत.

मग २०१६चा उन्हाळा आला. सलग दोन वर्षे पाऊस नीट झाला नव्हता. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपणास आठवत असेल. जायकवाडीत मृतसाठाच उरला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला. वाळूजला दोन-दोन पाळ्यांत चर्चा एकच, पाणी किती उरले? त्या मे महिन्यात आजींनीच धोशा लावला, "आता जाऊ. आता गाव वर आलं असंल."

त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात. भल्या पहाटे निघालो. बाभळीचे रान संपले, नेहमीची बसायची जागा आली, आणि पाणी कुठेच नव्हते! नजर जाईल तिथवर भेगाळलेली जमीन, शिंपल्यांचा पांढरा चुरा, मेलेल्या झाडांची खोडे. आम्ही त्या कोरड्या समुद्रात उतरलो. तास-दीड तास चाललो. आजींना मधूनमधून बसवत, पाणी पाजत. मग पायात विटांचे तुकडे येऊ लागले. घरांची जोती दिसू लागली. एक फुटके जाते. आणि त्यापलीकडे दगडी कठड्याचे वर्तुळ, आतून तोंडापर्यंत गाळाने भरलेले.

आजी थांबल्या. म्हणाल्या, "हीच ती."

ती गावची विहीर होती. आजी लहान असताना घागर घेऊन तिथून दहा हातांवर उभ्या राहत. कोणी वरून ओतले तर पाणी मिळायचे. नाहीतर उन्हात ताटकळायचे, आणि कधी रिकामी घागर घेऊन परत यायचे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. पण आमच्याकडच्या कितीतरी गावांत त्यानंतर अनेक वर्षे विहिरी बंदच राहिल्या. ही त्यातलीच एक. आजींनी ती जागाही दाखवली, जिथे त्या उभ्या राहत. तिथे आता भेगाळलेला गाळ होता, आसपासच्या गाळासारखाच.

नंतर आजी चालत पुढे गेल्या आणि त्या कठड्यावर बसल्या. चपला काढून बाजूला ठेवल्या. कडेच्या दगडावरून एकदा हात फिरवला. मग फडके सोडले. भाकरी होती, ठेचा होता, कांदा होता. म्हणाल्या, "बसा सगळे. इथंच जेवू."

आम्ही सगळे विहिरीच्या कठड्यावर गोल बसून जेवलो. नातीने, तीच ती समुद्र विचारणारी मुलगी, आता कॉलेजात जाणारी, हळूच विचारले, "आजी, तुला राग नाही येत?" आजी म्हणाल्या, "विहिरीवर काय राग धरू? तिनं कवा नाही म्हटलं? नाही म्हणणारी माणसं होती."

आम्ही जेवत असताना एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. त्याच गावचे, वरच्या आळीतले. तेही आपले घर शोधायला आले होते. आजींनी त्यांना ओळखले, त्यांनीही ओळखले. ते थोडे अंतर ठेवून एका जोत्यावर बसले. मग दोघांनी मिळून मुलांना गाव दाखवले. शाळा कुठे होती, पार कुठे होता, नदीला जायची पायवाट कुठून होती. एकाला आठवले नाही ते दुसऱ्याला आठवले. विहिरीचा विषय त्यांनी काढला नाही आणि आजींनीही काढला नाही. पण निघताना त्यांनी आजींकडे प्यायला पाणी मागितले. आजींनी बाटली पुढे केली. ते प्याले आणि गेले. याहून जास्त काही घडले नाही. जे घडले तेवढेच लिहिले आहे.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आले आणि विहीर पुन्हा खाली गेली. आजींना जाऊनही आता काही वर्षे झाली.

हे पाणी आपले आहे

आजी गेल्यावर काठावर बसलो की आम्हाला एक विचार सुचतो. आज जे पाणी आमच्या वाळूजच्या नळाला येते, ज्याच्यावर आमचे कारखाने चालतात, ज्याच्यावर छत्रपती संभाजीनगर शहर जगते, ते हेच पाणी आहे. त्याच्या तळाशी आमच्या माणसांनी वाहिलेली माती आहे, आणि ती बंद विहीरही आहे. वर मात्र कोणाचा वेगळा घाट नाही. नळाला पाणी आले की ते जात विचारून येत नाही. हे आपोआप घडलेले नाही, हे मुलांना सांगितले पाहिजे. आणि ते घरात बसून सांगण्यापेक्षा काठावर बसून सांगितले तर लक्षात राहते.

दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या वाळूजजवळून खाम नदी जाते. शहराचे सांडपाणी घेऊन ती शेवटी गोदावरीलाच मिळते. म्हणजे आपण जे वर टाकतो, तेच फिरून आपल्या पेल्यात येते. पाणी मिळवण्यासाठी आपल्या माणसांनी लढा दिला. मिळालेले पाणी नासवायचे नाही, ही आता आपली जबाबदारी. आमच्या सहलीत म्हणूनच एक नियम आहे. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत एक रिकामी पिशवी असते. आपला आणि दुसऱ्याचाही प्लास्टिकचा कचरा उचलून आणायचा. मुलांची यात चढाओढ लागते.

आपणही या

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी जे वाळूज, बजाजनगर, पंढरपूर या भागात राहतात त्यांनी एखाद्या रविवारी ही वाट जरूर चालून पाहावी. काही सूचना कराव्याशा वाटतात. डिसेंबर-जानेवारीत या. सकाळी लवकर निघा. पायात बूट, डोक्याला रुमाल आणि माणशी दोन बाटल्या पाणी हवे. डबा घरचाच घ्या. पाण्यात पोहायला उतरू नका, मुलांना एकटे सोडू नका. काठचा गाळ वरून टणक दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत रुततो. गाळपेराच्या पिकातून चालू नका, कडेने जा. कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचे ते असते. पाखरांच्या जवळ जाऊन गोंगाट करू नका, रेडिओ-मोबाईलची गाणी घरी ठेवा. आणि शक्य असेल तर घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाला बरोबर घ्या. रस्ता तुम्हाला ठाऊक असेल, पण तिथे काय होते ते त्यांनाच ठाऊक असते. त्यांना विचारा. आम्ही आजींना पुरेसे विचारले नाही, ही रुखरुख आम्हाला अजून आहे.

गेल्या हिवाळ्यात आजींची नात आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याबरोबर आली. बाभळीचे रान संपले, पाणी दिसले, आणि ती चिमुरडी ठरल्याप्रमाणे ओरडली, "समुद्र!" तिच्या आईने तिला कडेवर घेतले, पाण्याकडे बोट केले आणि सांगू लागली, "तिथं मारुतीचं देऊळ. तिथं शाळा. तिथं आपला वाडा. अन् तिथं विहीर."

विहिरीचे नाव या वेळी वगळले गेले नाही.